प्रोजेक्टर १०२४ च्या वर जातच नाही, ५ वाजता क्लास आहे, लवकर सांगा

चोपडेकर_सर:
दहावीचा भूमितीचा क्लास आहे माझा. प्रोजेक्टर १२८० बाय ८०० चा आहे पण कालपासून १०२४ बाय ७६८ च्या वर ऑप्शनच येत नाही, वर्तुळ काढलं की आडवं अंडं दिसतं आणि पोरं हसतात. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला. परवापर्यंत सगळं बरोबर होतं.

केळीवाला:
विंडोज कोणती? ग्राफिक कार्ड? वायर कोणती?

चोपडेकर_सर:
विंडोज १०, कार्ड वेगळं नाही. वायर साधी निळ्या टोकाची व्हीजीए. वायरीचा काय संबंध, चित्र तर येतंय ना.

पेंग्विन_धुळे:
लिनक्स टाका. त्यातल्या एक्सरँडर कमांडने पाहिजे ते रिझोल्यूशन स्वतः जोडता येतं, मी ८ वर्षं विंडोजला हात लावलेला नाही.

केळीवाला:
भो, त्यांना ५ वाजता क्लास घ्यायचाय.

जुना_कारागीर:
सर, डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन मॉनिटरचं नाव काय दिसतं ते बघा.

चोपडेकर_सर:
जेनेरिक नॉन पीएनपी मॉनिटर. आधी कंपनीचं नाव यायचं बहुतेक.

जुना_कारागीर:
मग ड्रायव्हर सोडा. प्रोजेक्टरमध्ये त्याची कुंडली साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. १२८ बाइटचा तुकडा, त्यात कंपनी, मॉडेल, कुठली रिझोल्यूशन चालतात आणि कुठलं सगळ्यात बरं, हे सगळं. कॉम्प्युटर ते वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. वाचता आलं नाही तर बिचारा १०२४ वर अडून बसतो, तेवढं कुठेही चालेल म्हणून. व्हीजीएत हे वाचन १२ आणि १५ नंबरच्या पिनवरून होतं, रंगाच्या तारा वेगळ्या. म्हणून चित्र येतं पण ओळख पटत नाही. परवा नेमकं काय बदललं?

चोपडेकर_सर:
काहीच नाही. फक्त फॅनचं काम निघालं तेव्हा वायरमनने पाइपातून नवीन वायर ओढून दिली, २० मीटर.

केळीवाला:
हे आधी सांगायचं ना सर 😂

शेवभाजी_प्रेमी:
स्टॅबिलायझर लावा. आमच्याकडे लाईट आली-गेली की टीव्ही असाच करायचा.

चोपडेकर_सर:
वायरीचं टोक पाहिलं, मधल्या रांगेत एक पिनच नाही!! वायरमनला फोन लावतोय, उचलत नाही.

केळीवाला:
सापडलं मग, वायर परत करा.

जुना_कारागीर:
थांबा थांबा. मधल्या रांगेतली चौथी म्हणजे ९ नंबर, ती चांगल्या वायरीतसुद्धा बऱ्याचदा नसते, त्यावरून भांडू नका. १२ म्हणजे तिसऱ्या रांगेतली दुसरी आणि १५ त्याच रांगेतली शेवटची. पिन दिसली तरी आत तार जोडलेली असेलच असं नाही, स्वस्त वायरीत तिथेच काटकसर करतात. मल्टीमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकं तपासा.

तापीकाठ:
पण २० मीटरला जोडलेली असूनही गडबड होते. ही १२-१५ ची आयटूसी लाइन, चिपांनी आपसात जवळच्या जवळ बोलायला केलेली, लांब वायरीत सिग्नल मंदावतो. मल्टीमीटर वाजेल आणि प्रॉब्लेम तसाच राहील.

जुना_कारागीर:
होतं तसंही, पण आधी तार आहे का ते तर कळू दे. ईडीआयडी १९९४ ला आलं, त्याच्या आधी आम्ही मॉनिटरला भलतं रिझोल्यूशन दिलं की तो शिट्टी मारायचा आणि चित्र गरगर फिरायचं.

पेंग्विन_धुळे:
लिनक्समध्ये ईडीआयडीची फाइलच देता येते बरं का, वायर बदलायची गरजच नाही.

शेवभाजी_प्रेमी:
सर चोपड्याचे ना? तिकडे कळण्याची भाकरी चांगली कुठे मिळते?

चोपडेकर_सर:
बाकावर बाक ठेवून कॉम्प्युटर वर नेला, जुन्या दीड मीटरच्या वायरीने जोडला, लगेच १२८० बाय ८०० आलं आणि नावसुद्धा. नवीन वायरीत १२ वाजत नाही, १५ वाजते. आता परत भिंत फोडू का?

तापीकाठ:
नका फोडू. ईडीआयडी इम्युलेटर म्हणून डबी येते, व्हीजीएची मागा. छोट्या वायरीने प्रोजेक्टरला लावून कुंडली उतरवून घ्या, मग ती डबी कॉम्प्युटरच्या मागे. पाइपातली वायर तशीच राहू द्या.

केळीवाला:
तुनं काम व्हयनं का मग?

चोपडेकर_सर:
डबी जळगावला मिळतेय म्हणे, उद्या भाच्याला पाठवतो. आज वर्तुळं फळ्यावर.

शेवभाजी_प्रेमी:
भाकरीचं कोणी सांगितलंच नाही.