पाप-पुण्याचं मीटर लावलं तर मुलं निवड करतच नाहीत. गेममध्ये काय बदलू?

तलावराखी (अर्जुनी मोरगाव)

नमस्कार मंडळी. आरपीजी मेकर एमझेड या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर एक मराठी काल्पनिक गेम करून राहिली आहे. मालगुजारी तलावाकाठचं गाव आहे, तलावात एक जलदेवी राहते. पावसानं दडी मारली आहे, धान निसवायला आलं आहे आणि तलाव अर्धा रिकामा. एका बाजूला धानवाले शेतकरी, दुसऱ्या बाजूला मासे धरणारे ढिवर. खेळाडू हा तलावाच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा राखणदार, पाणी सोडायची मोरी त्याच्या ताब्यात.

‘पुण्य’ हे एकच व्हेरिएबल (गेम आतल्या आत सांभाळतो तो आकडा) ठेवलं आहे, −१०० ते +१००. सुरुवात शून्यापासून. गेमभर २२ निवडी आहेत. चांगली निवड +५, वाईट −५. +६० झाले की देवीचा वर, −६० झाले की चेटकाची विद्या. देवळात १०० नाणी टाकली की +५.

सातवी ते अकरावीची मुलं खेळून पाहत आहेत आणि चार गोष्टी सारख्या होताहेत:

पहिल्याच प्रसंगात ‘मी चांगला’ किंवा ‘मी वाईट’ ठरतं, त्यानंतर संवाद वाचलेच जात नाहीत.
गाव लुटून दानपेटी भरतात आणि परत देवमाणूस होतात.
पाणी कोणाला द्यायचं हा मुख्य पेच, पण त्यात ‘जंगलातल्या साधूकडून पाऊस आणा’ असा तिसरा पर्याय आहे, सगळे तोच घेतात.
निकाल आवडला नाही की लगेच मागचं सेव्ह उघडतात.

मीटर काढून टाकू की आकडे बदलू? नेमकं सांगा, मुलांची परीक्षा संपायच्या आत नवीन आवृत्ती द्यायची आहे.

कापूसकोंड्या (हिंगणघाट)

ताई, आधी तुमच्या आकड्यांचाच हिशोब करू. ६० गाठायला १२ निवडींची निव्वळ आघाडी लागते, म्हणजे २२ पैकी १७ एकीकडे आणि ५ दुसरीकडे. सहाव्यांदा मन वळलं की १६ विरुद्ध ६, पुण्य +५०, आणि हाती काहीच नाही. ११-११ खेळणाऱ्याची तर पाटी कोरीच. मुलं कागदावर मांडत नसतील, पण दोन-तीन प्रसंगांत त्यांना हे बरोबर कळतं. तुमच्याच नियमांप्रमाणे ती अगदी शहाणपणानं खेळताहेत.

मोठ्या कंपन्यांनीही हेच केलं आहे. २००३ च्या नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकमध्ये प्रकाशाकडे झुकलेल्या खेळाडूला प्रकाशाच्या शक्ती स्वस्त पडतात आणि अंधाराच्या महाग. मधे राहणाऱ्याला कुठलीच मोठी सवलत नाही. मास इफेक्ट २ (२०१०) मध्ये तोवर मिळू शकले असते त्यातले किती गुण मिळवले, हे प्रमाण बघितलं जातं. त्यामुळे जॅक आणि मिरांडा या दोन सोबत्यांचं भांडण मिटवायचं तर आधीपासून एकाच बाजूची उत्तरं देत यावं लागतं. निवड सुरुवातीला एकदाच होते, पुढे फक्त तिची राखण.

उलट बाजूचीही खोट असते. बायोशॉक (२००७) आरपीजी नाही, पण तिथला हिशोब उघडा दिसतो म्हणून सांगतो. २१ लहान मुली आहेत. पिळून काढली तर एकीमागे १६० अॅडम (शक्ती विकत घ्यायचं तिथलं चलन), वाचवली तर ८०. पण दर तीन मुली वाचवल्या की २०० ची भेट येते. सगळ्या मारल्या तर ३३६०; सगळ्या वाचवल्या तर १६८० अधिक १४००, म्हणजे ३०८०. फरक २८०, दोन मुलींच्या किमतीइतकाही नाही. भेटीत अॅडमशिवाय आणखी वस्तू येतात त्या वेगळ्याच. त्याग म्हणून जो दाखवला त्याची झळ लागतच नाही.

तुम्ही एवढंच करा: शक्ती मीटरपासून तोडा. देवीचा वर हवा तर देवीनं मागितलेली तीन ठरावीक कामं असू द्या, प्रत्येकाला एक स्विच (चालू किंवा बंद एवढंच सांगणारी खूण). तिन्ही चालू असले की वर. चेटकाचंही तसंच, शिकवणारा माणूस आणि त्याची किंमत. मग उरलेल्या निवडींवर कोणाचाच दबाव राहत नाही.

वाटसरू_अकोट

ताई, देवळातली दानपेटी पहिले बंद करा. हा रोग लय जुना हाये. १९९८ च्या बाल्डर्स गेटमंदी देवळात दान देलं का नाव वाढे, आन् नाव वाढलं का दुकानात माल स्वस्त भेटे. फेबलमंदी (२००४) जिवंत पिल्लं खाल्ली का पाप, टोफू खाल्ला का पुण्य, आन् आवोच्या देवळात पैसे टाकले का तेही पुण्यच. फॉलआउट ३ मंदी (२००८) मेगाटन हे पुरं गाव अणुबॉम्बनं उडवा, मंग रिव्हेट सिटीबाहेरच्या तहानलेल्या मानसाले शुद्ध पान्याच्या बाटल्या देत बसा, कर्म वर चढते. कावून? मेलेली मानसं आन् बाटल्या एकाच खात्यात जमा होतात म्हणून.

ह्याच्यावर चांगला उपाय फॉलआउट न्यू व्हेगासनं (२०१०) केला. तिथं कर्माचं मीटर हायेच, पण खरं चालते ते टोळी-टोळीकडचं नाव. आन् हरेक टोळीकडं दोन आकडे वेगळे: भलाई येगळी, बदनामी येगळी. एकानं दुसरा पुसल्या जात नाही.

तुमच्या गेमले चार व्हेरिएबल पुरतात: शेतकरी_माया, शेतकरी_राग, ढिवर_माया, ढिवर_राग. चारही फक्त वर जातात, खाली कधीच येत नाहीत. लहान काम १, मोठं काम ३. रेषा ५ वर धरा. मंग हरेक गटाकडून चार तऱ्हेची वागणूक येते:

माया कमी, राग कमी: ओळख ठेवत नाहीत, भाव पुरा घेतात.
माया जास्त, राग कमी: घरी बोलावतात, आतली गोष्ट सांगतात.
माया कमी, राग जास्त: दार लावतात, रात्री मोरीवर मानसं धाडतात.
माया जास्त, राग जास्त: हे लय महत्त्वाचं. काम पडलं का बोलावतात, पण लेकराले तुमच्यासोबत जाऊ देत नाहीत.

चौथ्या तऱ्हेचे संवाद जीव लावून लिहा. दानपेटी भरून गाव जिंकू पाहणारा तिथंच येऊन पडते.

खुनाले आकडा देऊच नका. त्याले स्विच द्या, एकदा चालू झाला का बंद करणारी घटनाच गेममंदी ठेवायची नाही. आन् कोणी पाह्यलं तेही जमा करा. स्कायरिममंदी (२०११) शेवटचा साक्षीदार मारला का डोक्यावरचा दंड उडते. कायद्यापुरतं ते ठीक हाये, दंड लावाले खबर लागतेच. पण मेलेल्याच्या घरचे लोक तरी त्याले हुडकत फिरले पायजेत.

पारावरून (पुसद)

मीटर सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. दाखवायचं कसं हा प्रश्न आहे.

अल्टिमा ४ (१९८५) मध्ये दुष्ट राजाला मारायचं नाहीच, आठ सद्गुण अंगी बाणवायचे हेच ध्येय. हिशोब आत चालतो, पडद्यावर आकडा येत नाही. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे; किती नाणी ठेवायची ते खेळाडूनं सांगायचं. कमी ठेवली तर ती काही बोलत नाही, पण प्रामाणिकपणाचा गुण आतून घसरतो. आपण कुठवर आलो हे कळायचं तर राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला एकेका सद्गुणाबद्दल विचारावं लागतं, तो शब्दांत सांगतो.

हे तुमच्या गावात सहज बसतं. पारावर कोतवाल बसवा. विचारलं तर तो ‘ढिवरटोलीत तुझं नाव काढलं की माणसं गप्प होतात’ असं सांगेल. ५, १० आणि १५ अशा तीन रेषांवर तीन-तीन वाक्यं, म्हणजे चार व्हेरिएबलना ३६ वाक्यं. दोन दिवसांचं लिखाण आहे. मात्र निवडीच्या क्षणी ‘पुण्य +५’ हा फुगा दाखवू नका. तो फुगा दिसला की मुलं त्याच्याकडेच बघतात आणि समोरचं माणूस विसरतात.

लहान मुलांना काहीच कळू द्यायचं नाही असंही करू नका. आपण केलेलं कुठं जातं याचा पत्ता लागला नाही तर ती वाटेल ते दाबतात.

नागभीडकर

तिसरा पर्याय आणि सेव्ह, या दोन्हींवर सविस्तर लिहितो, कारण तुमच्या गेमचा कणा तोच आहे.

फुकटातला तिसरा रस्ता म्हटला की ड्रॅगन एज ओरिजिन्स (२००९) मधलं रेडक्लिफ. सरदाराच्या लहान मुलाला पिशाच्चानं झपाटलं आहे. एक तर मुलाला मारा, नाही तर आईचा बळी देऊन रक्तविद्या करा. भयंकर पेच आहे. पण जादूगारांचं मंडळ तुम्ही आधीच संपवलं नसेल, तर त्यांना मदतीला आणता येतं. तिथं जाऊन यायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस वाड्यातलं पिशाच्च स्वस्थ बसून राहतं. कोणी मरत नाही. लेखकांनी बांधलेला पेच त्यांनीच सोडवून टाकला.

म्हणून साधूला काढू नका, त्याची किंमत लावा. ‘तलाव_पाणी’ = १००. धानाला ७० हवं, मासे जगायला तळाशी ४० राहिलं पाहिजे. तुटवडा १० चा. हे तिन्ही आकडे खेळाडूला उघड सांगा. गावात ते सगळ्यांना ठाऊकच असतात. साधूकडे जाऊन यायला सहा दिवस, आणि ऊन रोज २ खातं. परत येईतो ८८. पाऊस १५ देतो, झाले १०३. तुटवडा ७ वर आला. फायदा फक्त ३ चा, आणि त्या सहा रात्री मोरीवर राखण नाही. शेतकरी_राग ५ च्या वर असेल तर कोणीतरी मोरी उघडतंच, २० गेलं. आता हा पर्यायही विचार करूनच घ्यावा लागेल.

‘हो की नाही’ विचारण्याऐवजी एमझेडमधल्या इनपुट नंबर या आज्ञेनं खेळाडूकडून आकडाच घ्या: किती पाणी सोडतोस? ७० सोडलं तर सगळं धान पिकतं, खाली ३० उरतं, मासळी मरते. ६० सोडलं तर मासळी वाचते, पण मोरीपासून लांबच्या टोकावरल्या बांध्या (धानाचे वाफे) वाळतात. ६५ ला दोन्हीकडे थोडं थोडं नुकसान. इथं खरा प्रश्न येतो तो टोकाच्या बांध्या कोणाच्या. त्या गावातल्या सगळ्यात गरीब विधवेच्या ठेवल्या तर ‘मधला मार्ग’ म्हणून ६० दाबणारा थांबेल. आपल्याकडच्या तलावांवर टोकाच्या शेतकऱ्याचं हेच होतं, त्यामुळे मुलांना समजावून सांगावं लागणार नाही.

फेबल ३ (२०१०) मध्ये असाच आकड्यांचा पेच होता: खजिन्यात ६५ लाख सोनं जमवा, नाही तर तेवढी माणसं मरतील. राजा म्हणून दिलेली वचनं पाळायची की पैसा वाचवायचा, कल्पना उत्तम. पण घरं-दुकानं विकत घेऊन भाडं साठवलं आणि ते खजिन्यात टाकलं, की सगळी वचनं पाळूनही ६५ लाख होतात. ज्याला हे माहीत नसतं त्याला वाटतं अजून १२१ दिवस आहेत, आणि गेम तिथून थेट हल्ल्याच्या दिवशी उडी मारतो. दोन खोटी एकदम: सुटायची वाट निर्णयाच्या बाहेर ठेवली, आणि वेळेबद्दल खेळाडूला फसवलं. तुमच्या गेममध्ये दिवस मोजत असाल तर पडद्यावरचा दिवस आणि आतला दिवस एकच असला पाहिजे.

सेव्हचं दुखणं द विचरनं (२००७) चांगलं हाताळलं. पहिल्या प्रकरणात नदीकाठी एल्फ बंडखोरांना माल नेऊ दिला, तर दुसऱ्या प्रकरणात एक खबऱ्या मारलेला सापडतो. मधे कित्येक तासांचा खेळ झालेला असतो, मागं जायला कोणी धजत नाही. तुम्हीही पाणी सोडल्याबरोबर निकाल देऊ नका. ‘निवड_दिवस’ मध्ये तो दिवस साठवा आणि आजचा दिवस त्यापेक्षा ८ नं मोठा झाला की परिणाम चालवा. पण तीन ठिकाणी धागा दिसू द्या: निवडीच्या वेळी एक वाक्य (‘पाणी तळाला गेलं तर वास सुटेल’), चौथ्या दिवशी काठावर मेलेले दोन मासे, आठव्या दिवशी ढिवरटोली रिकामी. मधला धागा गाळला तर मुलांना वाटेल गेमनं उगाच शिक्षा केली. विचर ३ (२०१५) मधल्या टेकडीवरच्या झाडाच्या प्रसंगात हीच कसर राहिली आहे: आत्म्याला सोडवलं तर अनाथ मुलं वाचतात, पण एक गाव संपतं आणि बॅरन नावाच्या सरदाराच्या बायकोचाही बळी जातो. त्या बाईचं नशीब या निवडीला बांधलेलं आहे हे आधी अंदाजानंही कळणं अवघड. प्रसंग मनातून जात नाही, तरी ती एक खूण आधी हवी होती.

तलावराखी (अर्जुनी मोरगाव)

सगळ्यांचे आभार. शक्ती तोडते, चार व्हेरिएबल करते, कोतवाल बसवते. साधूचं गणित तर आजच घालते. दोन शंका: वाईट वाटेनं खेळणाऱ्याला खेळायला कमीच उरतं, त्याचं काय करू? आणि मुलांची जुनी सेव्ह चालतील का?

कापूसकोंड्या (हिंगणघाट)

पहिल्याचं: बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्येही ही अडचण आहे. गॉब्लिनांच्या बाजूनं निर्वासितांचा आसरा असलेलं उपवन बुडवलं तर मिंथारा ही सोबतीण मिळते, पण विल आणि कार्लाक हे सोबती जातात, हॅल्सिन हा सोबती मिळत नाही आणि निर्वासितांच्या पुढच्या साखळ्या बंद होतात. जातं ते मोजा आणि तितकेच प्रसंग दुसरीकडे लिहा. ढिवर गाव सोडून गेले तर त्यांच्या रिकाम्या टोलीत कोण येऊन बसतं? तलावाचा ठेका कोण घेतं? तिथून निदान तीन कामं निघतात.

अजून एक, यात खर्च काहीच नाही. प्लेनस्केप टॉर्मेंट (१९९९) मध्ये तेच वाक्य दोनदा येतं, एकदा खरं म्हणून, एकदा खोटं म्हणून. ‘उद्या पाणी सोडीन’ हे असंच दोनदा ठेवा. समोरच्याला दोन्ही सारखीच ऐकू येतात, तुमच्याकडे स्विच वेगळा पडतो. एमझेडमध्ये एका खिडकीत सहा पर्याय बसतात, जागा पुरेल.

सेव्हचं: जुनं सेव्ह उघडेल, पण नवीन व्हेरिएबल त्यात शून्य असतील. निवड_दिवस शून्य राहिला तर आठवा दिवस आला की ‘८ नं मोठा’ ही अट आपोआप पूर्ण होते आणि मोरीला हात लावायच्या आधीच ढिवरटोली रिकामी होते. म्हणून अटीत ‘निवड_दिवस शून्याहून मोठा’ हे जोडा, दिवसाची मोजणी १ पासून ठेवा आणि मुलांना नवीन खेळ सुरू करायला सांगा.