मदत हवी आहे: परदेशी विद्यार्थ्यांची ऑनलाइन अभ्यासातली प्रेरणा मोजायची कशी?

नमस्कार मंडळी, प्रबंधात अडकलेय. दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात प्रवेश घेऊन ऑनलाइन वर्ग करणारी मुलं कशाच्या जोरावर टिकतात, हा विषय. आधार डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांताचा: स्वायत्तता, क्षमता आणि आपलेपणा या तीन गरजा भागल्या की आतून प्रेरणा टिकते. प्रश्नावली व्हॅलरँड आणि सहकाऱ्यांची, शिक्षणातली प्रेरणा मोजणारी, १९९२ ची, २८ विधानांची.

गोची अशी, की ती मुळात ‘तुम्ही कॉलेजला का जाता?’ असं विचारते. पदवी, चांगला पगार, शिकण्यातला आनंद, सगळं त्यात येतं. पण स्क्रीनसमोर एकटं बसणं कुठेच येत नाही.

आणि माझ्या मुलाखतींत नेमकं तेच येतंय. एक मुलगी म्हणाली, उत्तर माहीत असतं, चॅटमध्ये टाइप करते, व्याकरण तपासते, तोवर सर पुढच्या स्लाइडवर! मग खोडून टाकते. आता हिला प्रेरणा कमी म्हणायची? मला तरी नाही वाटत. दुसरा एक जण वेळेच्या फरकामुळे पहाटे तीनला वर्गाला बसतो, कारण हजेरी लागते. प्रश्नावलीत दोघांचे गुण जवळपास सारखेच. (गाइडना हे सांगितलं तर ‘नमुना वाढवा’, म्हणजे आणखी मुलं घ्या, एवढंच.)

तर, भाषेचा संकोच आणि आपलेपणा वेगवेगळे मोजणारी एखादी प्रमाणित प्रश्नावली कुणी वापरलीय का? की मुलाखतीच मुख्य ठेवून आकडे जोडीला घ्यावेत? मिश्र पद्धतीने काम केलेल्यांनी प्लीज सांगा, आराखडा या महिन्यात द्यायचाय.