चोराला नायक केलं तर बिघडलं कुठं?

वाचनवेडा_दांडियाबझार:
काल आपल्या बडोदेकर वाचकांच्या गटात नारायणकाकांनी लिहिलं, "हल्लीच्या विनोदी फॅन्टसी कादंबऱ्यांत नायक म्हणजे चोर, भामटा नाहीतर पळपुटा. हसत हसत लबाडी गळी उतरवायचा धंदा आहे. मुलांच्या हातात देऊ नका." खाली ढीगभर अंगठे. म्हणून हे लांबण लावतोय.

काका, यातलं एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय का? इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटचा रिन्सविंड घ्या, १९८३च्या 'द कलर ऑफ मॅजिक'मधला. नावाचा जादूगार, पण याला मंत्र येत नाही. एक जबरदस्त मंत्र डोक्यात घुसून बसलाय आणि त्याच्या धाकानं दुसरा तिथं टिकत नाही. संकट दिसलं की हा धूम ठोकतो. अमेरिकन लेखक जॅक व्हान्सचा कूगेल तर त्याहून नग. स्वतःला चतुर म्हणवतो. १९६६च्या 'द आईज ऑफ द ओव्हरवर्ल्ड'मध्ये एका मांत्रिकाच्या वाड्यात चोरीला शिरतो, सापडतो आणि शिक्षा म्हणून पार जगाच्या टोकाच्या किनाऱ्यावर फेकला जातो. पुस्तकभर लोकांना टोप्या घालत परत येतो. शेवटी सूड उगवायला मंत्र म्हणतो, तर अक्षरं इकडची तिकडं होतात आणि बोलावलेला राक्षस यालाच उचलून पुन्हा त्याच किनाऱ्यावर आपटतो. याला लबाडीचं गुणगान म्हणायचं?

जग वाचवायला निघालेल्या वीराला सगळं आधीच ठाऊक असतं. भामट्याला फक्त पुढची पाच मिनिटं काढायची असतात. एक थाप टिकवायला दुसरी, दुसरीसाठी तिसरी, आणि ही तारांबळ समोरच्याला दिसत नाही, फक्त आपल्याला दिसते. मला तरी त्याचीच चटक आहे.

निवृत्त_नारायण:
तुम्हाला चटक आहे कारण टोपी दुसऱ्याला घातली जाते. आमच्या सोसायटीत एक जण विशी, म्हणजे भिशी, चालवायचा. काय बोलायचा! जिन्यात भेटला तरी हसवून सोडणार. रविवारी सगळ्यांना सेव-उसळ स्वतःच्या खिशातून. लाल पुठ्ठ्याची वही, प्रत्येक पानावर वर 'श्री', खाली मोत्यासारख्या अक्षरात नावं. माझ्या मेहुणीचा नंबर मुलीच्या लग्नाच्या महिन्यात लागणार होता. त्याआधीच्या आठवड्यात हा कुटुंबासकट गायब. वही मागं राहिली. उघडून बघतो तर पैसे 'मिळाले' म्हणून आमच्या सगळ्यांच्या सह्या त्यानंच ठोकलेल्या, आणि माझी सही माझ्यापेक्षा चांगली! तुमचा कूगेल पुस्तकात आपटला असेल. आमचा कुठं आपटला ते सांगा.

प्रतापनगरची_मीनल:
काका, वाईट वाटलं. पण तुमचा हाच मुद्दा प्रॅचेटनं २००४च्या 'गोइंग पोस्टल'मध्ये घेतलाय. मॉइस्ट फॉन लिपविग, अट्टल ठग. फाशी होते, पण मरू देत नाहीत. बंद पडलेलं टपालखातं चालव म्हणतात. पाळतीवर एक गोलेम, म्हणजे मातीचा चालता-बोलता पुतळा. मॉइस्ट म्हणतो, मी कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. गोलेम शांतपणे सांगतो, हिशेब केलाय, तू २.३३८ माणसं मारलीस. तू बुडवलेल्या पैशांमुळे कुणाचा धंदा बसला, कुणाची नोकरी गेली, कुणाचं आयुष्य कमी झालं, त्या सगळ्या अंशांची ही बेरीज. तुमच्या मेहुणीचं लग्नघर त्या दशांशात आहे. एवढा कडक हिशेब आपल्या कुठल्या संस्कारकथेत वाचलात?

निवृत्त_नारायण:
म्हणजे तीनाच्या आत खून, आणि वर टपालखात्याची नोकरी! आम्हाला बँकेत चिकटायला परीक्षा द्यावी लागली.

प्रतापनगरची_मीनल:
नोकरी कसली, जन्मठेप आहे ती. पळाला की गोलेम धरून आणतो.

चिमणराव_प्रेमी:
मुळात हा परदेशी खूळ इथं हवाच कशाला? विनोद म्हणजे चिं. वि. जोशी. इथं बडोद्यात राहिले, बडोदा कॉलेजात पाली शिकवली, संस्थानचं दफ्तर सांभाळलं, आणि चिमणराव लिहिला. बिचाऱ्याची फजिती होते, पण कुणाचा रुपया बुडवत नाही. पण आता मराठी कोण वाचतं? आमची नातवंडं आजीशी गुजरातीत आणि आमच्याशी इंग्रजीत.

वाचनवेडा_दांडियाबझार:
चिमणराव फॅन्टसीत कधीपासून गेला? आणि नातवंडांचं काय संबंध?

शूद्रकाचा_पंखा:
परदेशी खूळ म्हणे! तिलिस्मे होशरुबा ही उर्दूतली जादूची लांबलचक कथा. ती लखनऊच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून निघायला लागली. तिच्यातला अमर अय्यार, म्हणजे बहुरूपी भामटा, लोभी, वेषांतरात पटाईत, जवळ जंबील नावाची झोळी, तिच्यात काय वाट्टेल ते मावतं. आणि त्याच्या किती शतकं आधी आपला शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकातला शर्विलक! ब्राह्मण, चोरीच्या शास्त्रात पारंगत, अंगाला योगरोचना नावाचा जादूचा लेप फासला की पहारेकऱ्यांना दिसत नाही. ही फॅन्टसी नाही तर काय? चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडताना ध्यानात येतं, मापाचा दोरा घरी विसरला. मग काढतो जानवं आणि लावतो मापाला! वर त्याचे उपयोग मोजतो: भिंत मापायला, दागिन्यांचे फासे सोडवायला, कडी घातलेलं दार उघडायला, साप चावला तर आवळून बांधायला. तिसऱ्या अंकातली ही जागा वाचून हसला नाही असा माणूस मला भेटायचाय.

चिमणराव_प्रेमी:
मी हसलो नाही. जानव्याची टिंगल हाच तुम्हा लोकांचा विनोद.

शूद्रकाचा_पंखा:
'तुम्हा लोकांचा' म्हणजे कुणाचा? तक्रार असेल तर शूद्रकाकडे करा.

ठेकेदार_बापू:
भांडू नका, भिंतीवर बोला. शर्विलक त्याआधी जे म्हणतो ते चक्क बांधकामाचं पुस्तक आहे. पक्क्या विटा असतील तर ओढून काढायच्या, कच्च्या कापायच्या, मातीची भिंत पाण्यानं भिजवायची, लाकडाची चिरायची. इथं पक्की वीट, म्हणून पूर्णकुंभाच्या, म्हणजे भरल्या घड्याच्या, आकाराचं भोक. मांडवीतल्या जुन्या घरांत मी पंचवीसेक वर्षं काम केलंय. चुन्यातली वीट सांधा मोकळा केला की खरंच अख्खी निघते. सिमेंटातली काढून दाखवा, तुकडेच पडतात. ज्यानं हे लिहिलं त्यानं गवंड्याजवळ बसून बघितलेलं आहे.

अलकापुरी_अपार्टमेंट:
बापू, आमच्या बिल्डिंगीला शर्विलक नको, पाऊसच पुरे. राखाडी हलके ब्लॉक लावलेत. दुसऱ्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल, कपाटामागं काळी बुरशी. बिल्डर म्हणतो, तुम्ही खिडकी उघडत नाही.

ठेकेदार_बापू:
ब्लॉकचा दोष नाही. बाहेरच्या प्लास्टरला भेगा गेल्यात का बघा. आणि गच्चीवरून येणाऱ्या पाइपाजवळ ओल जास्त आहे का?

अलकापुरी_अपार्टमेंट:
पाइपाजवळच!

चिमणराव_प्रेमी:
आमच्याकडंही तसंच. दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, दोन्ही वेळा गॅरंटीचा कागद दिला, दोन्ही वेळा फोन बंद.

ठेकेदार_बापू:
वर नुसता रंग फासला असणार. पाइपाचा गळा खोदून भरल्याशिवाय थांबत नाही ते.

वाचनवेडा_दांडियाबझार:
अहो, धागा कादंबऱ्यांवर आहे!

प्रतापनगरची_मीनल:
राहू दे. गॅरंटी देऊन फोन बंद करणारा हाही विषयाला धरूनच आहे.

निवृत्त_नारायण:
मृच्छकटिक मी पाहिलंय, देवलांचं. तुम्ही सोयीचं तेवढंच सांगता. शर्विलक दागिने चोरतो ते मदनिकेला दास्यातून सोडवायला, आणि तीच त्याला झापते. दागिने तिच्या मालकिणीचे, वसंतसेनेचेच निघतात आणि मदनिका ते परत करायला लावते. चोर झाला तरी शेवटी माल मालकिणीला पोचता झाला. आमच्या विशीवाल्याला कुणी मदनिका भेटली नाही, एवढंच म्हणतो. बाकी तुमच्या कूगेलबद्दल माझं मत तेच आहे.

शूद्रकाचा_पंखा:
म्हणजे चोर नायक चालतो, फक्त बायको चांगली हवी.

निवृत्त_नारायण:
मी असं काही म्हटलेलं नाही. तुम्ही वकिली करता का? मीनल, ते टपालखात्याचं पुस्तक मोठ्या अक्षरात असेल तर कळवा. पहिली पन्नास पानं बघतो. तेवढ्यात गोलेम आला नाही तर परत पाठवीन.

चिमणराव_प्रेमी:
बापू, पाइपाचा गळा खोदायला तुमचा माणूस पाठवाल का? आणि गॅरंटीचा कागद नको, पत्ता द्या.