क्रेडिट कार्ड, सिबिल आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

‘सिबिलमुळे कर्ज अडलं’, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीच्या रिपोर्टमुळे अडलं, हे हल्ली वरचेवर ऐकू येतं. गंमत म्हणजे ज्यांचं अडतं त्यांतले फारच थोडे उधळे असतात. कुणाची बंद समजलेल्या कार्डाची फी थकलेली, कुणी मेव्हण्याला जामीन राहिलेला, कुणाच्या नावावर भलत्याचंच कर्ज चढलेलं. कार्ड चांगलं की वाईट हा वाद घालायचाच असेल तर थोडक्यात घाला. प्रत्यक्ष काय घडलं, बँक काय म्हणाली, कोणती सवय कामी आली, ते सविस्तर लिहा. बँकेचं नाव नको, कार्डाचा नंबर तर मुळीच नको.

सुरुवात मीच करते. दर वर्षी जानेवारीत मी अशी नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून माझे रिपोर्ट काढते. चारही, कारण सिबिल हे त्यातलं एक नाव. एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क याही तेच काम करतात आणि बँक कुणाकडेही चौकशी करू शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यावा लागतो. साइटवर पैसेवाली पॅकेजेस आधी डोळ्यांत भरतात, फुकटवाली लिंक जरा शोधावी लागते. आपला रिपोर्ट आपणच पाहिला तर स्कोअर घटत नाही, ही भीती आधी काढून टाका.

स्कोअर (३०० ते ९०० मधला आकडा, जितका जास्त तितकी पत चांगली) मी सगळ्यात शेवटी बघते. आधी खात्यांची, म्हणजे कर्जांची आणि कार्डांची, यादी. जे खातं मी उघडलंच नाही ते त्यात आहे का? जे बंद केलं ते बंद दिसतंय का? मग जुना पत्ता, जुना मोबाइल. मग ‘एन्क्वायरी’चा रकाना, म्हणजे कोणत्या संस्थेने माझा रिपोर्ट कधी मागवला ते. खरी माहिती इथेच असते.

* * *

हिशेबनीस

मी दिवसभर आकड्यांतच असतो, म्हणून आकड्यांतच लिहितो. ‘बिलातले थोडेच पैसे राहिले, थोडंच व्याज लागेल’ हा समज घरोघरी आहे. माझ्या भावाचं स्टेटमेंट घेऊन बसलो होतो, त्याचाच हिशेब सोप्या आकड्यांत मांडतो.

५ तारखेला २०,००० ची खरेदी. २० तारखेला बिल. पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला भरायची शेवटची मुदत. भावाने मुदतीत १९,००० भरले, १,००० ठेवले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. आता बघा : व्याज त्या हजारावर ९ तारखेपासून सुरू होत नाही. पूर्ण वीस हजारांवर खरेदीच्या तारखेपासून, म्हणजे ५ पासून पुढच्या ९ पर्यंत, ३५ दिवसांचं लागतं. ते झाले सुमारे ८०५ रुपये. त्यानंतर पुढच्या बिलापर्यंत उरलेल्या हजारावर साधारण १३. एकूण ८१८, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १४७. हजार रुपये मागे ठेवण्याची किंमत ९६५ रुपये! भाऊ म्हणाला, बँकेने फसवलं. फसवलं नाही, कार्डासोबत आलेल्या बारीक अक्षरांच्या कागदात हाच हिशेब उदाहरणासकट छापलेला असतो.

त्यात आणखी एक पाचर आहे. मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही. आज घेतलेल्या वस्तूवर आजपासून व्याज. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे निदान एवढे तरी भरा, हा आकडा बिलावर ठळक असतो, पण तो भरून फक्त लेट फी टळते आणि खातं थकीत दाखवलं जात नाही. व्याजाचं मीटर पळतच राहतं. ऑटो-पे लावताना पर्याय दोन येतात, ‘मिनिमम’ आणि ‘टोटल’. भावाचं ‘मिनिमम’वर होतं. ते बदलायला दोन मिनिटं लागली.

एटीएममधून कार्डावर रोकड काढायची तर विचारूच नका. तिथे फी वेगळी आणि बिनव्याजी दिवस शून्य.

* * *

पहिलीच नोकरी

माझ्या बाबतीत उलटंच होतं. कर्ज नाही, कार्ड नाही, म्हणून रिपोर्टच नाही, आणि रिपोर्ट नाही म्हणून कार्ड नाही. दोन बँकांनी अर्ज परत पाठवला. बाबांच्या ओळखीतल्या एकांनी सांगितलं, अर्ज करत सुटू नकोस, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते. मुदत ठेव ठेव आणि त्यावर कार्ड घे.

तसंच केलं. ठेवीवर व्याज चालू राहतं, ठेव तारण असल्याने बँक का-कू करत नाही, लिमिट ठेवीपेक्षा थोडं कमी. त्यावर फक्त मोबाइलचं बिल आणि ट्रेनचा पास टाकायचे, आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. पुढच्या वर्षी साध्या कार्डाचा अर्ज एका फटक्यात मंजूर झाला.

* * *

बँकेत कर्ज विभागात

वरच्या ताईंचं रिपोर्ट वाचायचं तंत्र अगदी बरोबर. आमच्या टेबलावर काय होतं ते सांगते.

अर्जदार आला की आम्हीही आकड्यावर थांबत नाही. प्रत्येक खात्यापुढे महिन्यांची एक पट्टी असते, मागच्या ३६ महिन्यांची. पैसे वेळेवर आले तर ०००, उशीर झाला तर किती दिवस ते. सगळीकडे शून्यं आणि मध्येच एक ०३० दिसलं की आम्ही विचारतो, इथे काय झालं होतं? आजारपण, नोकरी गेली, परदेशी होतो, असं खरं कारण बहुतेक जण सांगतात आणि ते समजून घेतलं जातं. पण एका गृहस्थांच्या पट्टीत ओळीने ०३०, ०६०, ०९० असं चढत गेलेलं होतं, आणि त्या खात्यावरची बाकी किती? सहाशे-सातशे रुपये! कार्ड वापरायचं सोडून दिलं होतं, कापून कचऱ्यात टाकलं होतं. वार्षिक फी लागली, तिच्यावर लेट फी, व्याज, जीएसटी. पत्ता बदललेला, मोबाइल बदललेला, त्यामुळे एकही मेसेज पोचला नाही. गृहकर्ज त्या सहाशे रुपयांपायी लटकलं.

कार्ड कापणं म्हणजे कार्ड बंद करणं नव्हे. बंद करायची विनंती लेखी करा. बाकी काही नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. हा नियम १ जुलै २०२२ पासून आहे आणि तो माहीत असलेला ग्राहक समोर आला की फोनवरचा सूर लगेच बदलतो, हे मी आतून सांगतेय. मुदत एखाद्या दिवसाने हुकली तर मात्र घाबरून जाऊ नका. ३ दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय बँकेने लेट फी लावायची नाही आणि खातं थकीत म्हणून कळवायचंही नाही. व्याज लागेल, ती गोष्ट वेगळी.

* * *

कार्डविरोधी

वाद थोडक्यात घालतो. ऋण काढून सण करू नये असं आमच्या आजीने शिकवलं, ते पाळलं. रिपोर्ट नाही म्हणून माझं काही अडलेलं नाही. घर रोख बचतीतून झालं. ज्याला ते जमतं त्याला स्कोअरची भुणभुण कशाला?

* * *

पॉइंटवाला

काकांचा मुद्दा मान्य. पण ज्याला गृहकर्ज घ्यायचंय त्याला आजीचा सल्ला पुरत नाही.

मी कार्ड भरपूर वापरतो, पॉइंटही वसूल करतो, आणि तरीही लिमिटच्या तीस टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. पूर्वी लिमिट एक लाख आणि खर्च महिन्याला साठ-सत्तर हजार असायचा. बिल दर वेळी पूर्ण भरलेलं, तरी स्कोअर रेंगाळायचा. कारण लिमिटचा मोठा भाग वापरलेला दिसायचा, बँक जी बाकी कळवते ती त्या दिवसाची. पुढे आपण सगळी फेडतो हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. मग दोन गोष्टी केल्या. बँक स्वतःहून लिमिट वाढवून देत होती ते घेतलं, आणि मोठी खरेदी झाली की बिलाची वाट न पाहता अर्धी रक्कम आधीच भरून टाकायला लागलो. २०२५ पासून माहिती पंधरवड्याला जाऊ लागली, त्यामुळे फरक लवकर दिसतो. लिमिट वाढलं म्हणून हात सैल सुटणार असेल तर घेऊ नका. माझ्या बायकोने नाही घेतलं.

‘नो-कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या, हप्त्यांबद्दल एक : व्याज सवलतीतून वळतं होतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याच बिलात येतो, प्रोसेसिंग फी असली तर तीही, आणि सगळी रक्कम लिमिटमध्ये अडकून बसते.

* * *

निवृत्त

जामीन. दुसरं काय लिहू!

साडूच्या मुलाने धंद्यासाठी कर्ज काढलं तेव्हा सही माझी. ‘काका, नुसती फॉर्मॅलिटी आहे.’ १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, असं त्यात साफ लिहिलंय. ते सही करायच्या आधी मला ठाऊक होतं. नात्यापुढे कायदा बोलता येत नाही, एवढंच. पुढे त्याचे हप्ते थकले आणि ते माझ्या रिपोर्टवरही दिसू लागले. मला कर्ज घ्यायचं नाही, पण मुलीच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून माझंच नाव लागत होतं, तिथे प्रश्न आला. शेवटी तीन हप्ते मी भरले, मग गाडी रुळावर आली. साडूशी बोलणं आहे, त्या मुलाशी नाही.

* * *

एकटीचं घर

हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. यजमान गेले तेव्हा त्यांच्या कार्डाचं माझ्या लक्षातही नव्हतं. माझ्या पर्समध्ये त्याच खात्याचं ॲड-ऑन, म्हणजे त्यांच्या कार्डाला जोडून माझ्या नावाने मिळालेलं, कार्ड होतं. तेराव्यानंतर फोन सुरू झाले. तोवर त्या कार्डावर दोन-तीन ॲपची वर्गणी आणि एका विम्याचा हप्ता आपोआप कटत होता, कारण कार्ड चालूच होतं.

भाच्याने केलं ते असं : मृत्यूच्या दाखल्यासह बँकेला ईमेल, कार्ड आणि ॲड-ऑन दोन्ही तात्काळ गोठवायची विनंती, मृत्यूच्या तारखेनंतरची फी आणि व्याज माफ करायची मागणी, आणि यापुढे फोन नको, लेखीच कळवा, असं स्पष्ट वाक्य. वसुलीवाला मला म्हणत होता की पत्नी म्हणून पैसे तुम्हीच भरायला हवेत. तसं नाही. वारसावर जबाबदारी येते ती मागे राहिलेल्या मालमत्तेतून त्याच्या वाट्याला जेवढं आलं तेवढ्यापुरतीच, स्वतःच्या कमाईवर नाही. मूळ रक्कम फार नव्हती, ती मी भरली आणि बाकी नसल्याचं पत्र घेतलं. आपापल्या घरी कोणती कार्डं आहेत आणि त्यांवर काय-काय आपोआप कटतं, त्याची एक यादी नवरा-बायको दोघांनाही माहीत असू द्या.

* * *

भलतंच कर्ज

माझ्या रिपोर्टवर एक दुचाकीचं कर्ज होतं. मला दुचाकी चालवता येत नाही.

रिपोर्टच्या साइटवरच तक्रारीचा फॉर्म असतो, तो भरला. कर्ज ज्या संस्थेचं दिसत होतं तिलाही ईमेल केली, पॅनची प्रत आणि ‘हे कर्ज माझं नाही’ एवढंच. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, ही सोय एप्रिल २०२४ पासून आहे. आमच्या ईमेलमध्ये त्या नियमाचा उल्लेख केल्यावर नोंद मुदतीच्या आत निघाली. नाही निघाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, या रिपोर्टवाल्या कंपन्याही आता त्यांच्या कक्षेत आहेत.

* * *

रात्रपाळी

फसवणुकीचं कुणीच लिहिलं नाही. रात्री कार्डावर परदेशी चलनात खर्च झाल्याचा मेसेज आला. ओटीपी कुणाला दिला नव्हता. ॲपवरून आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेला फोन, तक्रार क्रमांक लिहून घेतला, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंद. चूक आपली नसेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर काही बोजा येत नाही, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. रक्कम परत जमा झाली. तेव्हापासून परदेशी व्यवहारांचं बटण ॲपमध्ये बंदच ठेवलंय, लागेल तेव्हा उघडतो.

* * *

नाव नको

एक प्रश्न आहे. जुन्या कार्डाची बाकी ऐंशी हजारांवर गेली होती, वसुलीवाले म्हणतायत पस्तीस हजार भरा, प्रकरण मिटवू. भरू का?

* * *

बँकेत कर्ज विभागात

पस्तीस भरून तगादा थांबेल, पण रिपोर्टवर ‘सेटल्ड’ (कमी पैशांत मिटवलेलं) असा शेरा बसेल आणि ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) व ‘सेटल्ड’ यांत आमच्या टेबलावर फार मोठा फरक पडतो. माहिती या कंपन्यांकडे किमान ७ वर्षं राहते. एकदम भरायची ताकद नसेल तर बँकेकडे थकलेल्या रकमेचे हप्ते पाडून मागा. कार्डाच्या व्याजापेक्षा तो दर बराच कमी असतो. सेटलमेंटशिवाय गत्यंतरच नसेल तर पैसे देण्याआधी रक्कम, तारीख आणि खाते क्रमांक असलेलं पत्र बँकेच्या अधिकृत ईमेलवरून मागवा, आणि पैसे बँकेच्याच खात्यात भरा, वसुलीवाल्याच्या यूपीआयवर नाही. पुढे ऐपत आली की उरलेली रक्कमही भरता येते. मग बँकेकडून ‘क्लोज्ड’चं पत्र घेऊन शेरा बदलून घ्या. फोनवर काहीही कबूल करू नका. पत्र आलं की इथे लिहा, वाचून सांगते.