अंथरूण नक्की कोणाचं?

'अंथरूण पाहून पाय पसरण्यापेक्षा अंथरूणच मोठं करा' हा सल्ला ऐकायला झकास आहे, पण हल्ली ते मोठं अंथरूण बहुतेक वेळा बँकेचं असतं! ५० लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता बसतो साधारण ४३,४०० रुपये. शेवटी फेडलेली रक्कम होते १ कोटी ४ लाखांच्या घरात, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. आम्ही दोघांनी सह्यांच्या आदल्या रात्री हा हिशेब कागदावर मांडला आणि स्टेशनजवळच्या टू बीएचकेऐवजी जरा आतला वन बीएचके घेतला. सासूबाई आठवडाभर फुरंगटून होत्या, ते सोडा.

हौस मारा असं मी म्हणत नाहीये. वाचनालयात मिळत असूनही दर वर्षी चार-पाच दिवाळी अंक मी विकतच घेतो. पण साठवलेल्या पैशांची हौस वेगळी आणि हप्त्यावरची वेगळी. गेल्या वर्षी बायकोने नोकरी सोडून सहा महिने घरी बसायचं ठरवलं, तेव्हा मी पाच मिनिटांत 'बस' म्हणालो. मोठं घर घेतलं असतं तर आधी कॅल्क्युलेटर काढला असता.