मदत हवी आहे: टॉवेलची ऑर्डर, २८ पानांची प्रश्नावली आणि आमचे डाईंगवाले

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. आजोबा दुसऱ्याच्या मागावर होते, वडिलांनी चार माग घेतले, आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत चोवीस चालतात. एका जर्मन खरेदीदाराकडे आमचा नमुना पास झाला. ४५० जीएसएम (चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजन), पांढरा, दोन्ही टोकांना निळा पट्टा. भावही जुळला. मग आली २८ पानांची प्रश्नावली.

पहिली नऊ पानं तासाभरात भरली, कारण ती आमच्याच कारखान्याबद्दल होती. दहाव्या पानावर हात थांबला. सूत कुठल्या गिरणीचं, त्यातला कापूस कुठला, रंग कोण करतं, ते पाणी कुठं जातं, शिलाई कोण करतं, त्यांच्या हातात काय पडतं. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा आहे (माल जिथून येतो तिथल्या कामगारांचं आणि पर्यावरणाचं काय, ते कंपनीनं बघायचं). २०२३ पासून ३,००० कामगारांच्या आणि २०२४ पासून १,००० कामगारांच्या कंपन्यांना तो लागू झाला. म्हणजे मोठी कंपनी माझ्या खरेदीदाराला विचारते, तो मला विचारतो. मी कुणाला विचारू?

सूत आम्ही दलालाकडून घेतो. पोत्यावर गिरणीचं नाव असतं, कापसाचा पत्ता नसतो.

डाईंगवाले वडिलांच्या काळापासून एकच. लॉकडाऊनमध्ये आमचं बिल थकलं तेव्हा त्यांनी एक फोनसुद्धा केला नाही. अशा माणसाला ‘तुमचं पाणी कुठं सोडता हो’ विचारायचं म्हणजे पाहुण्यानं स्वयंपाकघरात शिरून पिठाचा डबा उघडून बघण्यासारखं आहे.

खरं अवघड पुढं आहे. कापलेले टॉवेल पोत्यात भरून विडी घरकुल भागात जातात. तिथं बायका घरच्या मशीनवर कडा शिवतात, दोरे काढतात. मध्ये एक मावशी आहेत, त्या माल वाटतात आणि पैसेही वाटतात. मी मावशींना नगामागं काय देतो ते मला पाठ आहे. मावशी पुढं काय देतात ते परवा पहिल्यांदा विचारलं आणि मान खाली गेली. त्यातली एक बाई पूर्वी विड्या वळायची. म्हणाली, ‘विडीला निदान पीएफ तरी होता की ओ.’

आणखी एक. मे २०२५ मध्ये आमच्याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले. दुसऱ्या दिवशी मी आमचा मागचा दरवाजा बघायला गेलो, तर दरवाजासमोर सुताचे बीम (मोठे रूळ) रचलेले. वर्षानुवर्षं तसेच होते, रोज तिथूनच जात होतो.

तर सुरुवात कुठून करू? सल्लागार म्हणतात जीओटीएस (सेंद्रिय कापडाचं) आणि ओएको-टेक्स (घातक रसायनांच्या तपासणीचं) ही दोन्ही प्रमाणपत्रं घ्या (फीही दोन्हींची आहे). शिलाई कारखान्यात आणा, असंही म्हणतात. पण त्या बायका लेकरं आणि सासू सांभाळून शिवतात, इथं येणार नाहीत.

हौदावरचा:
डाईंगमध्ये वीस वर्षं झाली, म्हणून लिहितो. ऑर्डर पांढरी आहे, निम्मं दुखणं तिथंच गेलं. आधी ब्लीचिंग कशानं होतं ते विचारा, हायपोनं (क्लोरीनचं ब्लीच) की पेरॉक्साइडनं (बिनक्लोरीनचं)? हायपो स्वस्त पडतं, पण क्लोरीनची नको ती संयुगं पाण्यात उतरतात. पेरॉक्साइडवर नेता आलं तर न्या.

पट्ट्याला सूत थोडंच लागेल, पण गडद निळा रिअ‍ॅक्टिव्ह रंगात केला तर रंगाच्या पाण्यात लिटरला साठ-ऐंशी ग्रॅम मीठ जातं. ते मीठ साध्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत) निघत नाही, त्याला आरओ आणि बाष्पीभवन लागतं. म्हणून ‘ईटीपी आहे’ एवढ्यावर थांबू नका. निळा थोडा फिका चालेल का, हेही खरेदीदाराला विचारून बघा. मीठ बरंच वाचतं.

आणि पाण्याचं तोंडी विचारूच नका. ‘ऑर्डर अडलीय, एमपीसीबीच्या कन्सेंटची झेरॉक्स द्या’ म्हणा (म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं परवानगीपत्र). कागद मागितला तर कुणाला राग येत नाही. रोज किती पाणी आणि ते कुठं सोडायचं, हे त्यातच लिहिलेलं असतं. गाळ कुठं पाठवतात त्याच्या पावत्याही बघा.

तपासनीस:
ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० मध्ये तयार मालात घातक रसायनं आहेत का ते तपासतात. अंगाला लागणारा माल म्हणून टॉवेल दुसऱ्या वर्गात येतो, प्रमाणपत्र वर्षभर चालतं. शिवणाऱ्या बाईला काय मिळालं, याच्याशी त्याचा संबंध नाही. जीओटीएसला किमान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो, ‘सेंद्रिय’ असं लेबल लावायचं तर ९५. शिवाय गिरणीपासून शिलाईपर्यंत सगळे त्या तपासणीत यायला हवेत, दलालाचं सूत तिथं चालणार नाही. खरेदीदारानं सेंद्रिय मागितलंय का? नसेल तर आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

शिलाई घरीच राहू द्या, पण घड्याळ लावून बसा. सरासरी हाताची बाई तासाला किती नग काढते ते मोजा, आठ तासांचं काढा, दोरा-वीज-मशीनचा खर्च वजा करा आणि किमान वेतनाशी लावून बघा. दर कमी पडला तर वाढवा. मग पोत्यावर मराठीत आणि तेलुगूत चिठ्ठी लावा: नग इतके, दर इतका. मावशींचं कमिशन वेगळं द्या. त्यांना काढू नका, त्यांच्याशिवाय तुमचं एक पोतं हलणार नाही.

काय_बे:
सगळे रंगवाल्याच्या आणि मावशीच्या मागं लागलेत. शेठ, तुम्ही डाईंगचं बिल किती दिवसांनी देता? त्यांची सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५. उशीर करून बिल मार्चअखेरही थकलेलंच राहिलं तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला वजाही मिळत नाही. चार महिने पैसे अडकलेला माणूस पेरॉक्साइड कुठून आणणार बे?

धागाकर्ता (मूळ प्रश्न विचारणारा):
काय_बे, बरोबर जागी हात घातलात. आमच्याकडे नव्वद ते एकशेवीस दिवस चालतं, आणि ‘खालपासून वरपर्यंत सगळ्यांचं असंच आहे’ एवढंच मी आजवर म्हणत आलो.

परवा आधी जुन्या बिलाचा चेक लिहिला आणि मग डाईंगवाल्यांकडे गेलो. कन्सेंट मागितल्यावर ते उठले, कपाटातून अख्खी फाईल काढून समोर ठेवली. म्हणाले, ‘तुमच्या वडिलांनी कधी मागितली नाही.’ कन्सेंट चालू आहे. ब्लीचिंग हायपोवर आहे. पेरॉक्साइड करतील, पण किलोमागं जादा हवेत आणि बिल महिन्याच्या आत. मी हो म्हणालोय. खरेदीदाराला भाव थोडा वाढवायला लिहिलंय, उत्तर नाही.

मागचा दरवाजा मोकळा केला. मावशी चिठ्ठीवरून रुसल्यात, बोलत नाहीत, पण पोती नेतात.

आता शेवटचं विचारतो. कापसाच्या रकान्यात ‘सध्या माहीत नाही, गिरणीकडून माहिती मागवली आहे, पुढच्या लॉटपासून देऊ’ असं लिहून पाठवलं तर ऑर्डर हातची जाते का? कुणी असं पाठवलंय का?