सिग्नल 'लुकलुकतो' की 'थरथरतो'?

वास्कोकर: सड्यावरचं ध्रुवीय संशोधन केंद्र बघून आलेल्या मुलांसाठी एक पान लिहितोय, 'सिंटिलेशन'वर अडलो. चुंबकीय वादळात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ उडते तेव्हा, ध्रुवांकडच्या आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) इलेक्ट्रॉनांचे विरळ-दाट पुंजके होतात. २०,२०० किमी वरून येणारा जीपीएसचा सिग्नल त्यातून जाताना क्षणाक्षणाला बदलतो. मी 'लुकलुकतो' लिहिलं. बाई म्हणाल्या, सिग्नल म्हणजे काय काजवा?

फोंडेकर: लुकलुकतोच! तारा तरी स्वतः कुठे लुकलुकतो? मधली हवा हलते. इथे आयनांबर हलतं. उलट आमच्या आजीचा काजुलो आपणहून पेटतो-विझतो, त्यालाच हा शब्द लावू नये.

शब्दवेडा: 'प्रस्फुरण' लिहा. लॅटिनमध्ये सिंटिला म्हणजे ठिणगी, आपल्याकडे स्फुलिंग.

फोंडेकर: स्फुरण पोवाडा ऐकून चढतं हो.

मडगावकर: लुकलुकण्यात तेज कमी-जास्त होतं. तसा प्रकार आपल्या बाजूला, विषुववृत्ताच्या आसपास, सूर्यास्तानंतर जास्त. ध्रुवांकडे, भारताचा आर्क्टिकमधला हिमाद्री तळ आहे तिथे ७९ अंशांवर, सिग्नलचा जोर फारसा ढळत नाही, त्याची कला (फेज), म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ, ढळते. फार ढळली की रिसीव्हरची पकड सुटते. म्हणून 'थरथरतो'.

वास्कोकर: कला? चंद्राची की नाट्यमंडळाची? मुलं हेच विचारणार.

पेडणेकर: मुळात 'वादळ' का? १० मे २०२४ ला एवढं मोठं झालं, लडाखात हानलेहून आभाळ तांबडं दिसलं. पेडण्यात माडाचं झावळ हललं नाही. 'विक्षोभ' म्हणा.

मडगावकर: हे नाव शास्त्रज्ञ हुम्बोल्टने दिलेलं. १८०६ मध्ये बर्लिनला चुंबकसुई बेचैन झालेली बघून त्याला ते सुचलं. त्यालाही वारा लागला नव्हता.

पेडणेकर: जर्मनाने म्हटलं म्हणून आपण म्हणायचं? वादळात 'वात' आहे, वारा हवाच.

शब्दवेडा: वात नाही, संस्कृत 'वार्दल'. हिंदीतला बादल त्याचाच भाऊ. म्हणजे ढग हवेत.

फोंडेकर: ढगही नव्हते. आता?

वास्कोकर: अहो, पान उद्या छापायला जातंय. लुकलुकतो की थरथरतो?

पेडणेकर: वादळाचं आधी ठरवा. आणि 'तुफान' नको, परकं आहे.

फोंडेकर: मग उद्या सकाळी पावही खाऊ नका. पोर्तुगीज आहे.